डिस्चार्ज सांगितल्यापासून रुग्ण दाराबाहेर पडेपर्यंत जबाबदारी कोणाची?

गोदाकाठ:

माझ्या आईचे वय ७१ वर्षे आहे आणि गेल्या एकोणीस वर्षांपासून तिला मधुमेह आहे. मागच्या महिन्यात उजव्या पायाला संसर्ग होऊन पोटरीपर्यंत सूज चढली, म्हणून तिला आमच्या शहरातील एका खासगी रुग्णालयात सहा दिवस दाखल करावे लागले. उपचार चांगले झाले आणि पाय वाचला, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मी सुरुवातीलाच नमूद करते. माझा प्रश्न शेवटच्या दिवसातील सात तासांबद्दल आहे.

सकाळी साडेदहाच्या राउंडला डॉक्टरांनी तिला तपासले आणि आज घरी जायला हरकत नाही असे सांगितले. आम्ही कपड्यांची पिशवी भरली आणि मी खाली बिलाच्या चौकशीला गेले. बारा वाजून चाळीस मिनिटांनी सिस्टरने आईला रोजच्याप्रमाणे जेवणाआधीचे इन्सुलिन टोचले. त्यानंतर जेवणाची गाडी वॉर्डात आली आणि आईच्या खाटेवरून पुढे गेली. आईने विचारले तेव्हा ताटे वाटणाऱ्या मामांनी सांगितले की, या खाटेचे डाएट बंद झाले आहे. मी तिथे नव्हते आणि आई स्वभावाने कोणाला दोनदा विचारणारी नाही. दीड वाजता वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी तिला व्हीलचेअरवर बसवून खाली बिलाच्या काउंटरसमोरच्या खुर्च्यांवर आणून सोडले, कारण कॅज्युअल्टीतून आलेल्या रुग्णाला ती खाट हवी होती. मला वाटले की ती जेवून आली आहे. तिला वाटले की घरी जाऊनच जेवायचे आहे.

तीनच्या सुमारास मी काउंटरवरून परतले तेव्हा तिच्या साडीचा पदर घामाने ओला झालेला होता. तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली आणि मांडीवरची पिशवी ती काही केल्या सोडेना. मी वर वॉर्डात धावले, तर उत्तर मिळाले की पेशंटचा डिस्चार्ज झालेला आहे, आता कॅज्युअल्टीत दाखवा. कॅज्युअल्टीच्या खिडकीवर सांगण्यात आले की आधी नवीन केसपेपर काढा. तेवढ्यात तिथल्या एका तरुण सिस्टरचे लक्ष आईच्या हाताकडे गेले. सलाईनची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, अजून तिच्या हातातच होती. त्या मुलीने कोणालाही न विचारता बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, ती ४१, म्हणजे फारच कमी निघाली, आणि त्याच कॅन्युलातून तिने ग्लुकोज दिले. पंधरा मिनिटांनी आईने मला माझ्या नावाने हाक मारली.

आम्ही साडेपाच वाजता बाहेर पडलो. अंतिम बिलात कॅज्युअल्टीच्या तपासणीचे शुल्क वेगळे लावलेले होते. डिस्चार्ज समरीवर मात्र वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटे अशी छापली आहे. म्हणजे कागदावर पाहिले तर आईला इन्सुलिन दिले तेव्हा ती त्या रुग्णालयाची रुग्णच नव्हती.

डॉक्टरांनी "घरी जा" म्हटल्याक्षणी रुग्णालयाची जबाबदारी संपते का, आणि संपत नसेल तर बिल, समरी आणि विम्याची मंजुरी यांची वाट पाहणारा रुग्ण नेमका कोणाच्या ताब्यात असतो, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. भरपाई मिळवणे हा माझा हेतू नाही. पण त्या खुर्च्यांवर आईच्या शेजारी आणखी चार-पाच जण तसेच बसले होते आणि त्यांतले दोघे एकटे होते, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निवृत्त सिस्टर:

ताई, मी ३४ वर्षे वॉर्डात काम केले आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे इन्चार्ज होते. तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. घडले कसे हे मला बऱ्यापैकी दिसते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टर राउंडला "डिस्चार्ज" म्हणतात आणि वॉर्डातून संगणकावर तशी नोंद जाते, तेव्हा एकाच वेळी बरीच चाके फिरू लागतात. स्वयंपाकघराच्या यादीतून त्या खाटेचे नाव निघते. न वापरलेली औषधे मोजून फार्मसीला परत पाठवली जातात, कारण त्यांचे पैसे वजा झाल्याशिवाय अंतिम बिल होत नाही. लॅब आणि एक्स-रे विभागाकडून काही बाकी नाही असा निरोप यावा लागतो. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, समरी लिहायला घेतात, ती टाइप होऊन मोठ्या डॉक्टरांच्या सहीसाठी थांबते आणि मोठे डॉक्टर तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले असतात. भरतीच्या काउंटरला ती खाट आता रिकामी होणार म्हणून दिसू लागते. ही सगळी चाके रुग्णाला बाहेरच्या दिशेने ढकलत असतात. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला औषधांचा चार्ट मात्र कोणी छेद देईपर्यंत चालूच राहतो. तुमच्या आईला इन्सुलिन देणाऱ्या मुलीने तो चार्ट पाहून दिले. त्या चार्टाच्या लेखी आई रुग्ण होत्या, स्वयंपाकघराच्या लेखी त्या गेलेल्या होत्या आणि या दोन कागदांच्या फटीत त्या सापडल्या.

आमच्या काळात नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवले जाई की, ताट डोळ्यांसमोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन टोचायचे नाही. गाडी आली का, या खाटेला ताट लागले का, रुग्ण खाण्याच्या स्थितीत आहे का, हे पाहूनच सुई उचलायची. हा साधा नियम पाळला असता तर डाएट बंद झाल्याचे तिथेच उघड झाले असते. त्या मुलीकडून चूक झाली हे मी नाकारत नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी एका सिस्टरकडे पाच डिस्चार्ज आणि पाच नव्या भरत्या असतात आणि जाणाऱ्या रुग्णाकडे पाठ होणे तिथे फार सोपे असते. म्हणून मी यात मोठा दोष व्यवस्थेचा मानते. ती व्यवस्था रुग्णालयानेच लावलेली असते, तेव्हा दोषही त्याच्याच पदरात पडतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, रुग्ण दाराबाहेर पडून नातेवाइकाच्या किंवा गाडीच्या स्वाधीन होईपर्यंत तो वॉर्डाचाच असतो. दुपारी दोनचे अँटिबायोटिक दोनलाच द्यायचे, मग समरी तयार असो वा नसो. हे लिहायला सोपे आहे, पण औषधे तर सकाळी अकराला फार्मसीला परत गेलेली असतात, म्हणून संध्याकाळपर्यंतचे डोस बाजूला काढून ठेवल्याशिवाय आम्ही परतीची पेटी बंद करत नसू. जेवणाच्या वेळी जेवण द्यायचे आणि नातेवाइकाला उपाहारगृहात पाठवून मोकळे व्हायचे नाही. रुग्णाला लघवीला जायचे असेल तर सोबत माणूस द्यायचा, कारण म्हातारी माणसे पडतात ती बहुधा अशाच वेळी, जेव्हा खाटेचे कठडे खाली घेतलेले असतात, अंगावर घरचे कपडे असतात आणि आपण आता बरे झालो असे त्यांना वाटत असते. निघण्यापूर्वी एकदा नाडी, रक्तदाब, ताप आणि मधुमेही असल्यास साखर पाहून चार्टवर लिहायची. सकाळी दहाला ठणठणीत असलेला माणूस दुपारी चारला तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

कॅन्युलाबद्दलही लिहिते. ती शेवटच्या इंजेक्शननंतर आणि वॉर्ड सोडण्यापूर्वी काढायची, जागा दोन मिनिटे दाबून धरायची आणि काढल्याची वेळ लिहायची. कॅन्युला हातात घेऊन घरी गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि तिसऱ्या दिवशी हात सुजून ते परत आलेलेही पाहिले आहेत. तुमच्या आईच्या बाबतीत तीच उपयोगी पडली, ही देवाची कृपा. पण ती तिथे होती याचाच अर्थ वॉर्डाने त्यांना नीट तपासून खाली पाठवले नव्हते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयांना डिस्चार्जला किती वेळ लागतो हे मोजावे लागते. हा वेळ डॉक्टरांनी डिस्चार्ज मंजूर केल्यापासून रुग्ण वॉर्ड सोडेपर्यंतचा धरतात. मोजमाप चांगलेच आहे. पण रुग्णाला खालच्या खुर्च्यांवर नेऊन बसवले की हे घड्याळ थांबते आणि रुग्णाचे ताटकळणे मात्र चालूच राहते. म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये मी तीन रकाने आखून घेतले होते: डिस्चार्ज सांगितल्याची वेळ, वॉर्ड सोडल्याची वेळ आणि दाराबाहेर पडल्याची वेळ. तिसरा रकाना भरण्यासाठी मामांना रुग्णासोबत दारापर्यंत जावेच लागे, आणि तो आखण्यामागे माझा हेतूही तोच होता.

दावे विभागातून:

मी आरोग्य विम्याचे कॅशलेस दावे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे उशिराच्या त्या भागाबद्दल लिहितो ज्याचे खापर नेहमी आमच्यावर फुटते आणि काही वेळा ते योग्यही असते.

विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी काढलेल्या मुख्य परिपत्रकानुसार, रुग्णालयाकडून डिस्चार्जच्या मंजुरीची विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी दिली पाहिजे. मंजुरीअभावी रुग्णाला रुग्णालयात ताटकळत ठेवू नये असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तीन तासांपलीकडे उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा रक्कम आकारली, तर ती विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची आहे, म्हणजे तिचा भार विमाधारकांच्या पैशांवरही पडता कामा नये. उपचारांदरम्यान रुग्णाचा मृत्यू झाला असेल तर दावा तत्काळ मार्गी लावून पार्थिव लगेच ताब्यात मिळेल असे पाहणेही कंपनीवर बंधनकारक आहे.

मात्र हे तीन तास डॉक्टरांनी "घरी जा" म्हटल्यापासून मोजले जात नाहीत. रुग्णालयाने अंतिम बिल, समरी आणि तपासण्यांचे अहवाल जोडून विनंती पाठवली की तिथून ते सुरू होतात. माझ्या कामात मला असे दिसते की, राउंड सकाळी दहाला झालेला असतो आणि कागद आमच्याकडे दुपारी दोन-अडीचला पोहोचतात. नातेवाइकांना काउंटरवर एकच वाक्य ऐकायला मिळते, "विम्याचे अप्रूव्हल आलेले नाही." तेव्हा गोदाकाठ ताई, विनंती नेमकी किती वाजता पाठवली हे टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर विचारून घ्या, कारण त्या वेळेची नोंद रुग्णालयाकडेही असते आणि विमा कंपनीकडेही असते. उशीर कोणाच्या पदरात जातो हे तेवढ्या एका नोंदीवरून ठरते.

पण हा नियम पैशांच्या उशिराचा आहे. त्या तीन तासांत रुग्णाला जेवण कोणी द्यायचे आणि साखर कोणी पाहायची, याबद्दल आमचे नियम काही सांगत नाहीत. मंजुरीची वाट पाहणे ही कारकुनी बाब आहे, ती रुग्णाच्या अंगावर येऊ नये हे पाहणे रुग्णालयाचे काम आहे, या निवृत्त सिस्टरांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

ग्राहक न्यायालयातील वकील:

कायद्याची बाजू शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

समरीवर छापलेली वेळ रुग्णालयाला वाटते तितका आधार देत नाही. उपचार देणारा आणि घेणारा यांच्यातील काळजी घेण्याचे कर्तव्य प्रत्यक्ष संबंधातून निर्माण होते. रुग्णालयाच्या आवारात, रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याने, रुग्णालयाचे औषध बारा चाळीसला टोचले असेल, तर त्या औषधाचा परिणाम असेपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवणे ही त्या रुग्णालयाचीच जबाबदारी आहे. "तुमचा डिस्चार्ज ११.१० लाच झाला होता" असा बचाव त्यांनी घेतला, तर डिस्चार्ज झालेल्या व्यक्तीला इंजेक्शन कसे दिले, या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच द्यावे लागेल. त्यामुळे ही वेळ तुमच्या विरोधात जाईल अशी भीती बाळगू नका. माझ्या मते तो तुमचा भक्कम पुरावा आहे.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, स्पष्ट केलेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही बंधन नाही.

कॅज्युअल्टीच्या खिडकीवर घडले ते मला अधिक गंभीर वाटते. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करायचे आणि कागदपत्रांची पूर्तता नंतर करायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये घालून दिले आहे. तिथे अपघाताचा संदर्भ होता, पण तातडीच्या उपचारांचे कर्तव्य त्याहून व्यापक आहे. भ्रम झालेल्या मधुमेही वृद्धेला आधी केसपेपर काढायला सांगणे हे या तत्त्वाच्या सरळ विरुद्ध जाते. त्यातही तो प्रसंग रुग्णालयाने दिलेल्या इन्सुलिनमुळे आणि न दिलेल्या जेवणामुळे ओढवलेला असताना त्याच्या तपासणीचे शुल्क लावणे अजिबात योग्य नाही. ती रक्कम परत मागाच.

सर्वांत आधी कागद हातात घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. आईच्या सहीने लेखी अर्ज करा, आवक क्रमांक घ्या आणि अर्जात समरीसोबत औषधांचा चार्ट, परिचारिकांच्या नोंदी आणि कॅज्युअल्टीचा कागद असे स्वतंत्रपणे नमूद करा. नुसती "फाइल" मागितली तर अनेकदा फक्त समरी आणि बिल हाती पडते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर रुग्ण हक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची व्यवस्था या गोष्टी नियमांचाच भाग झाल्या आहेत. तेव्हा पहिली तक्रार रुग्णालयाकडे करावी आणि समाधान झाले नाही, तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे व इतरत्र जिल्हा पातळीवरील आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे.

बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवण्याचा प्रश्न यापासून वेगळा आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तो पडला असेल म्हणून थोडक्यात लिहितो. बिल थकले म्हणून रुग्णाला डांबून ठेवता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशी अडवणूक बेकायदा असल्याचे २०१८ मध्ये नमूद केले. रुग्णालयाला वसुलीसाठी दिवाणी मार्ग मोकळा आहे. बेकायदा अडवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे.

सिव्हिलचा डॉक्टर:

मी एका जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात काम करतो. आमच्याकडे बिल आणि विमा यांसाठी रुग्ण फारसा अडकत नाही, तो अडकतो गाडीसाठी. दुपारी चारनंतर डिस्चार्ज दिला तर ज्या गावची शेवटची एसटी साडेचारची आहे त्या गावचा रुग्ण रात्रभर कुठे राहणार, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण तो मला रोज पडतो. टाके घातलेल्या पोटाने बसस्थानकाच्या फरशीवर रात्र काढलेल्या एका रुग्णाला दुसऱ्या दिवशी जखम उघडून परत आलेले पाहिल्यापासून मी राउंडलाच विचारतो, "तुमची गाडी किती वाजता आहे?" गाडी चुकणार असेल तर कागद दुसऱ्या दिवशी सकाळी करतो आणि त्या रात्रीचे जेवण व औषधे चालू ठेवतो. वरिष्ठांनी याला कधी हरकत घेतलेली नाही.

काही सोयी उपलब्ध असूनही लोकांपर्यंत पोहोचत नाहीत. शासकीय संस्थेत बाळंत झालेल्या मातेला आणि नवजात बाळाला घरी सोडण्यासाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत वाहनाची तरतूद आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचा प्रवासखर्च आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे यांचा समावेश आहे. ही योजना खासगी रुग्णालयातही लागू असू शकते, म्हणून तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच भेटावे.

दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. दीड वाजता तुमच्या आईची खाट ज्या रुग्णासाठी मागितली, तो कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडलेला होता आणि त्यालाही खाट मिळणे तितकेच गरजेचे होते. बरा झालेला रुग्ण संध्याकाळपर्यंत खाट अडवून बसला तर खाली कोणीतरी खोळंबते. खाट मागण्यात मला गैर काही दिसत नाही. खाट काढून घेतल्यावर त्या रुग्णासाठी दुसरी जागा आणि लक्ष ठेवणारा माणूस द्यायला हवा होता, तो दिला गेला नाही. आमच्याकडे वॉर्डाच्या दाराशी, सिस्टरच्या टेबलावरून दिसतील अशा चार आरामखुर्च्या टाकलेल्या आहेत आणि डिस्चार्ज झालेले रुग्ण तिथे बसतात. चार्ट त्यांच्यासोबत टेबलावर येतो आणि ते गेल्यावरच फाइलमध्ये लागतो. याला काहीही खर्च आलेला नाही.

लेस्टरहून:

डॉक्टरसाहेबांच्या त्या चार खुर्च्यांवरून लिहावेसे वाटले. इथे ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या बऱ्याच रुग्णालयांत डिस्चार्ज लाउंज नावाचा स्वतंत्र कक्ष असतो आणि मी अशाच एका कक्षात परिचारिका आहे. घरची औषधे किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्ण आमच्याकडे असतो, आम्ही त्याला वेळेवर औषधे आणि खायला देतो आणि वॉर्डाची सिस्टर आम्हाला रुग्णाची माहिती सांगूनच त्याला आमच्या स्वाधीन करते. कोणाला पाठवायचे याचे निकष असतात आणि गोंधळलेल्या किंवा अस्थिर रुग्णाला आम्ही घेत नाही, तो वॉर्डातच थांबतो. इथेही रुग्णांना ताटकळावे लागते, कधी कधी पूर्ण दिवस. पण ते कोणाच्या तरी नजरेसमोर ताटकळतात.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी आईच्या सहीने अर्ज केला आणि तिसऱ्या दिवशी छायाप्रती मिळाल्या. औषधांच्या चार्टवर १२.४० ची इन्सुलिनची नोंद सहीसह आहे. परिचारिकांच्या नोंदीत १.३० ला "रुग्ण नातेवाइकांसोबत घरी गेला" असे लिहिलेले आहे, प्रत्यक्षात त्या वेळी मी काउंटरवर होते आणि आईसोबत फक्त मावशी होत्या. विम्याची विनंती २ वाजून ३५ मिनिटांनी पाठवलेली आहे. कॅज्युअल्टीच्या कागदावर साखर ४१ आणि वेळ ३.०८ अशी नोंद त्या तरुण सिस्टरने स्वच्छ अक्षरात केलेली आहे.

सोमवारी वैद्यकीय अधीक्षकांनी भेटीला बोलावले आहे. त्या सिस्टरवर किंवा मावशींवर कारवाई करून विषय मिटवला जाऊ नये असे मला मनापासून वाटते. तिथे नेमके काय मागावे, हे निवृत्त सिस्टर सांगू शकतील का?

निवृत्त सिस्टर:

ताई, तीन गोष्टी लेखी मागा. पहिली म्हणजे, डिस्चार्जची नोंद झाली तरी स्वयंपाकघराने त्या खाटेचे डाएट बंद करू नये, ते वॉर्डातून रुग्ण प्रत्यक्ष गेल्याचा निरोप आल्यावरच बंद व्हावे. हा बदल संगणक विभागाकडून करून घेता येतो. दुसरी म्हणजे, वॉर्डातून खाली नेलेला रुग्ण कोणाच्या स्वाधीन केला त्याची सही घ्यावी आणि सही करणारे कोणी नसेल तर रुग्णाला वॉर्डातच ठेवावे. "नातेवाइकांसोबत घरी गेला" हे वाक्य त्या मुलीने सवयीने लिहिले असणार, कारण आम्ही सगळ्याच ते वर्षानुवर्षे तसेच लिहीत आलो आहोत. सहीचा रकाना आला की ते तसे लिहिता येणार नाही. तिसरी म्हणजे, समरीवर डिस्चार्ज सांगितल्याच्या वेळेखाली रुग्ण दाराबाहेर पडल्याची वेळही छापली जावी.

आणि कॅज्युअल्टीतल्या त्या मुलीबद्दल अधीक्षकांना वेगळे पत्र द्या. केसपेपर नसताना हात लावला म्हणून तिला आत कोणी बोलले असण्याची शक्यता आहे. तुमचे पत्र तिच्या फाइलला लागले, तर पुढच्या वेळीही ती आधी रुग्णाच्या हाताकडेच पाहील.